नर्स क्रमांक चार आणि नऊ

मी कॉम्प्युटर शिकवत होते असं सांगितलं की आमच्या पार्ल्याच्या सोसायटीतले लोक लगेच आपला मोबाइल पुढे करतात. "जरा बघा ना, फोटो जात नाहीयेत." मला ते जमत नाही. माझ्या स्वतःच्या मोबाइलमधूनही फोटो जात नाहीत. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीचा मोबाइल दुरुस्तीशी संबंध तेवढाच, जेवढा वनस्पतिशास्त्राच्या पदवीचा मेथी निवडण्याशी. हे मी कित्येक वर्षं सांगतेय. समोरचा माणूस मान डोलावतो आणि मोबाइल तसाच धरून उभा राहतो.

खरं तर मी कॉम्प्युटरची नव्हेच, मी गणिताची. बोरिवलीकडच्या एका कॉलेजात शिकवत होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथले दोघं-तिघं अजून माझ्याशी बोलतात. एका दुपारी तेव्हाच्या प्राचार्यांनी बोलावलं. "बाई, जूनपासून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स सुरू करतोय. तुम्ही घ्याल ना?"

मी म्हटलं, "सर, मला येत नाही."

"कुणालाच येत नाही. तुम्हाला निदान गणित येतं."

झाली नेमणूक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्टेशनजवळच्या एका क्लासला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकले. तिथे माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी दोन मुलं जूनमध्ये माझ्याच वर्गात येऊन बसली. त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही, आणि मी तीन वर्षं त्यांची गैरहजेरी लावली नाही. गुरू-शिष्य परंपरा म्हणतात ती हीच असावी.

त्या काळी लॅबबाहेर चपला-बूट काढायचा नियम होता. धुळीने मशीन बिघडतात म्हणे. पावसाळ्यात साठ जणांचे ओले मोजे, बंद खिडक्या आणि एसी. धूळ परवडली असती.

या विषयाला लोक उगाच घाबरतात. कॉम्प्युटर म्हणजे एक अतिशय आज्ञाधारक आणि अतिशय मठ्ठ नोकर. त्याला नुसतं "चहा कर" म्हणून चालत नाही. पातेलं घे, पाणी घाल, गॅस पेटव, उकळी आली का बघ, नसेल तर थांब, असं एकेक सांगावं लागतं. "गॅस बंद कर" सांगायचं राहिलं तर पातेलं जळेपर्यंत तो तसाच उभा. हे सांगणं म्हणजे प्रोग्राम, आणि काय सांगायचं राहिलं ते शोधत बसणं म्हणजे तीन वर्षांची पदवी. माझं पहिलं लेक्चर दर वर्षी हेच असायचं. शेवटी मी म्हणायचे, "लक्षात ठेवा, मशीनला काही कळत नाही. कळायचं काम तुमचं." मुलं वहीत लिहून घ्यायची. हे वाक्य मी स्वतः लिहून घ्यायला हवं होतं, पण ते पुढे येईल.

आमच्याकडे जर्नल नावाचा एक प्रकार असतो. प्रत्येक प्रयोग, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम, वहीत हाताने लिहून काढायचा. मशीनवर चालणारी गोष्ट कागदावर का उतरवायची, हे मला कुणी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वर्गात एकाची वही तयार व्हायची, बाकीच्या एकोणसाठ जणांचे हात चालायचे. घाटकोपरहून येणाऱ्या एका मुलाचं जर्नल मोत्यासारख्या अक्षरात असायचं. तोंडी परीक्षेला मी त्याला विचारलं, "हे सॉर्टिंग काय करतं?" म्हणजे यादी क्रमाने कशी लावायची, इतका साधा प्रश्न. तो छताकडे बघत बसला. मी म्हटलं, "अरे, इतकं सुंदर लिहिलंयस!" तो म्हणाला, "मॅम, आईने लिहिलंय. ती बाहेर बसलीय."

मी बाईंना आत बोलावलं. त्या पदर सावरत आल्या आणि म्हणाल्या, "सोपं आहे हो. आपण वाळत घातलेले कपडे काढून उंचीप्रमाणे घड्या लावतो ना? दोन-दोन शेजारी धरून बघायचे, मोठा मागे सरकवायचा. शेवटपर्यंत तेच करत राहायचं." अक्षरशः बरोबर. अडीच वर्षं मुलाच्या वह्या लिहिता लिहिता बाई शिकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही का नाही ॲडमिशन घेत?" त्या हसल्या. "मग याच्या वह्या कोण लिहील?" मुलाला मी पास केलं. मार्क बाईंना दिले असं मी मनाशी धरून चालले.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा असतो. एखादं खरं काम घ्यायचं आणि त्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहायचा, असा नियम. प्रत्यक्षात माझ्यासमोर दर वर्षी वीस लायब्ऱ्या, पंधरा हॉस्पिटलं आणि दहा हॉटेलं यायची, कारण बाहेर ती तयार मिळतात. एका मुलाच्या हॉटेलात 'पुस्तक परत करण्याची तारीख' असा रकाना होता. मी विचारलं, "हॉटेलात पुस्तक कसलं रे?" तो म्हणाला, "मॅम, गेस्टना वाचायला." हजरजबाबीपणाला मार्क द्यायची सोय विद्यापीठाने केलेली नाही. तरी पास केलाच. सगळेच करायचे. आता तर नुसतं विचारलं की अख्खा प्रोजेक्ट लिहून देणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळे हॉटेलात पुस्तकंही सापडत नाहीत. गंमत गेली.

निवृत्तीच्या वर्षी आमच्या कॉलेजने चोरी पकडणारं सॉफ्टवेअर आणलं. सगळ्यांचे प्रोजेक्ट त्यात टाकायचे. ते एकमेकांशी ताडून बघतं आणि ज्या ओळी जुळतात त्या लाल करून दाखवतं. आधी जमा झालेलं ते मूळ आणि नंतर आलेली ती नक्कल, एवढी साधी त्याची अक्कल. आम्ही सगळे शिक्षक त्यावर जाम खूश होतो. इतकी वर्षं चोर ओळखायची जबाबदारी आमच्या डोळ्यांवर होती, आता ती गेली.

त्या वर्षी वर्गात अद्वैत होता. माझा लाडका. शिक्षकाला लाडकं कुणी नसतं असं म्हणणारे लोक एक तर शिक्षक नसतात, नाहीतर थापा मारतात. पहिला बाक, स्वच्छ इंग्रजी, गोड हसणं. प्रोजेक्टर बंद पडला की हाच उठून वायर हलवायचा. आणि वर्गात लिओना होती. चारकोपजवळच्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती मुलगी. घरची भाषा मराठीच, पण आमच्या पार्ल्याच्या मराठीसारखी नव्हे. 'आमी', 'मंग', 'नाय' अशी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. हजेरी रोल नंबरने व्हायची, त्यामुळे तीन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला तो बहुतेक 'प्रेझेंट मॅडम' एवढाच.

प्रोजेक्ट जमा झाले. मी एकेक उघडत गेले. लिओनाचा उघडला आणि पडदा लालेलाल झाला. अद्वैतच्या प्रोजेक्टशी जवळजवळ ओळीला ओळ जुळत होती. त्याने दहा दिवस आधी जमा केलेला, हिने शेवटच्या दिवशी. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे काय आहे?"

तिने पडद्याकडे बघितलं. "माझा प्रोजेक्ट आहे, मॅडम."

"अद्वैतच्या हॉस्पिटलशी जुळतोय सगळा."

"त्याने माझाच घेतलाय. मी त्याला दिलेला. स्क्रीन जरा चांगले करून दे बोलले, म्हणून."

आणि मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. म्हटलं, "अद्वैतला तुझ्याकडून घ्यायची काय गरज पडली गं?"

ती काहीतरी बोलणार होती, पण थांबली. मग म्हणाली, "माझ्याकडे वही आहे, मॅडम. सगळं कच्चं काम आहे त्यात. उद्या आणू?"

"वह्या कशा भरतात ते मला माहितीये," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी हसले. मलाही आपण बरं बोललो असं वाटलं.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी अहवाल लिहिला, सही केली आणि कॉलेजच्या गैरप्रकार समितीकडे पाठवून दिला. तिला तोंडी परीक्षेला बसायला मनाई झाली, निकाल राखून ठेवला. त्याच आठवड्यात अंधेरीची एक कंपनी मुलाखतींसाठी कॉलेजात येणार होती. निकाल राखीव असलेल्यांची नावं यादीतून काढायची असतात. तिचं नाव काढलं. ते मीच काढलं, कारण त्या यादीचं कामही माझ्याकडेच होतं.

तोंडी परीक्षेच्या सकाळी आमचा लॅब अटेंडंट दत्ताराम मशीन सुरू करत होता. मालवणकडचा माणूस, माझ्याइतकीच वर्षं त्या लॅबमध्ये काढलेला. मला म्हणाला, "बाई, तां चारकोपचा चेडू येवचा नाय आज?"

"तिने कॉपी केलीय, दत्ताराम."

"कॉपी?" त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "दिवाळीपासून रोज त्या खिडकेकडच्या मशीनार बसान करी होता तां. बाजूक कोण नाय, पुढ्यात कोण नाय. कॉपी करतला कोणाची? माझी?"

मी त्याला म्हटलं, कामाला लाग. पण ते डोक्यात राहिलं.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजचे एक सर येतात, त्यांना एक्स्टर्नल म्हणतात. त्या दिवशीचे मुलुंडहून आले होते. सज्जन गृहस्थ, पण घाईत. अद्वैत आला, टाय लावून. त्याचा प्रोजेक्ट म्हणजे हॉस्पिटलमधल्या चौदा नर्सेसच्या ड्युट्या लावणारा प्रोग्राम. कुठल्या तारखेला कोण मोकळं आहे ते भरायचं, की तो आपोआप आठ जणींची पाळी लावून देतो. रंगीत पडदे, फिरणारी चिन्हं, सगळं झकास. त्याने अख्ख्या महिन्याच्या पाळ्या लावून दाखवल्या. एक्स्टर्नल सर बघत होते. बघता बघता म्हणाले, "नर्स क्रमांक चार आणि नर्स क्रमांक नऊ एका पाळीत कधीच येत नाहीत. असं का?"

अद्वैतची पापणीही हलली नाही. "सर, ऑप्टिमायझेशन."

"व्हेरी गुड," सर म्हणाले आणि मार्क लिहायला लागले.

मी गणिताची बाई आहे. कारण नसलेला आकडा मला भातातल्या खड्यासारखा लागतो. मी प्रोग्राम उघडून त्या ओळीवर गेले. तिथे सरळ लिहिलं होतं: यादीत चार आणि नऊ दोन्ही असतील तर ती यादी टाकून दे, दुसरी कर. का, ते कुठेच नव्हतं.

"अद्वैत, कशाचं ऑप्टिमायझेशन?"

"मॅम, लोड बॅलन्सिंग."

"कसला लोड?"

"मॅम... नर्सेसचा."

"मग चार आणि नऊच का? पाच आणि सहा का नाही?"

तो हसला. तेच गोड हसणं. पहिल्यांदाच मला ते जरा जास्त गोड वाटलं. एक्स्टर्नल सरांनी घड्याळाकडे बघितलं, बाहेर अजून बरीच रांग होती. अद्वैतला भरपूर मार्क पडले.

दुसऱ्या दिवशी मी लिओनाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही.

"तुझ्या प्रोजेक्टमध्ये चार नंबर आणि नऊ नंबर कोण आहेत?"

"पास्कू अंकल नि विल्सन अंकल," ती म्हणाली.

"कोण?"

"पप्पांचा बँड आहे, मॅडम. लग्नात वाजवतात तो. चौदा जणं आहेत. सगळ्यांची दुसरी कामं. कोण बस चालवतो, कोण एअरपोर्टवर सामान चढवतो. तारीख आली की कोण मोकळा, कोण नाय, ते विचारायला पप्पा फोन करून करून दमतात. म्हणून मी हा प्रोग्राम केला. पास्कू अंकल नि विल्सन अंकल, दोघं क्लॅरिनेट वाजवतात. पण दोघं एकमेकांशी बोलत नाय. एकत्र बोलावलं तर दोघंही येत नाय."

"कधीपासून?"

"मी पाचवीत होते तेव्हापासून. एका लग्नात नवरी चर्चच्या बाहेर आली नि दोघांनी दोन वेगळी गाणी सुरू केली. आता दोघं बोलतात, दुसरा चुकला."

मला हसू फुटलं. मग लगेच लक्षात आलं. अद्वैतने बँडवाल्यांच्या नर्सेस केल्या होत्या, चौदाच्या चौदा, आणि पास्कू-विल्सनचं भांडण तसंच हॉस्पिटलात आणलं होतं.

"हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाय." मग ती म्हणाली, "नि सांगितलं असतं तर हसला असता तुम्ही. त्या दिवशी हसलेलाच."

पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते की मशीनला काही कळत नाही. आणि मशीनने पडदा लाल केल्याबरोबर मी मान डोलावून मोकळी झाले होते.

मी विभागप्रमुख शहा सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. "मॅडम, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. एकदा पाठवलेला अहवाल मागे घ्यायचा म्हणजे कॉलेजची शोभा. आणि समितीला पुरावा काय देणार? दोन वाजंत्री एकमेकांशी बोलत नाहीत?"

"हो," मी म्हटलं.

"लेखी आणा," ते म्हणाले. मला टाळण्यासाठीच म्हणाले, पण मी ते शब्दशः घेतलं.

रविवारी दुपारी मी गावठाणात गेले. लिओनाच्या घराच्या ओट्यावर बँडची तालीम चालली होती. तिचे वडील बस्त्यांव ट्रंपेट खाली ठेवून उभे राहिले. उंच, काळेसावळे, भारदस्त गृहस्थ. "तुमीच काय त्या मॅडम?"

मी हो म्हटलं.

"आमची पोर चोर नाय," ते म्हणाले. "दिवाळीपासून डोकं खाल्लंन माझं. पप्पा, हा कधी मोकळा, पप्पा, तो कधी मोकळा. चुकला की परत. शेवटच्या दिसापर्यंत सुधारीत होती, म्हणून उशीर झाला द्यायला. नि तुमी?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली. ती सुधारायला आलेय. मला वही बघायचीय."

लिओनाने वही आणून दिली. मी ओट्यावर बसून पानं उलटत गेले. पानापानावर खाडाखोड, बाण, बस्त्यांवच्या अक्षरातल्या दुरुस्त्या. एका पानावर मोठ्या अक्षरात 'पास्कू + विल्सन = नाही' आणि खाली तीन रेघा. इतकं घाणेरडं आणि इतकं खरं जर्नल मी सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं.

आता लेखी पुरावा. ओट्याच्या एका टोकाला पांढऱ्या मिशीचे पास्कू बसले होते. तालमीला मात्र दोघंही येत, कारण न येणं म्हणजे हार मानणं. मी त्यांच्याजवळ गेले. "विल्सन कुठे बसलेत?"

"कोण विल्सन?" पास्कू म्हणाले. विल्सन दहा फुटांवर क्लॅरिनेट पुसत होते.

'आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आणि हे लिओनाला पहिल्यापासून माहीत आहे' असा मजकूर मी कागदावर लिहिला. दोघांनीही आनंदाने सही द्यायचं कबूल केलं. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं ही पहिलीच गोष्ट असावी. विल्सननी सही केली. पास्कूंनी कागद हातात घेतला, विल्सनची सही बघितली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सही केली.

समितीच्या अध्यक्षबाईंनी तो कागद मोठ्याने वाचला, मग उलटून बघितला. कुणीतरी खोकला काढून हसू दाबलं. पण वही सगळ्यांनी बघितली, आणि नंतर अद्वैतला आत बोलावून तोच प्रश्न विचारला: चार आणि नऊ का? या वेळी त्याला ऑप्टिमायझेशनही आठवलं नाही. तो माझ्याकडे वळला. "मॅम, सगळेच कॉपी करतात. तुम्हाला माहितीये ना. मी निदान स्क्रीन तरी चांगले केले."

मला माहीत होतं. म्हणूनच त्या खोलीत मला वर बघवत नव्हतं. हॉटेलात पुस्तकं ठेवणाऱ्यांना मी पास केलं होतं, आईने लिहिलेल्या वह्या तपासून मी सह्या केल्या होत्या. आणि एका मुलीने खरोखर कुणाच्या तरी उपयोगाचा प्रोग्राम लिहिला तेव्हा मी तिला अडवलं होतं.

अद्वैतला पुढच्या सत्रात नवीन प्रोजेक्ट करायला लावलं. त्याने केला. आता तो एका मोठ्या कंपनीत आहे आणि दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवतो. अजूनही दिसायला फार सुंदर असतात. लिओनाची तोंडी परीक्षा वेगळी घेतली आणि तिचा निकाल लागला, पहिल्या वर्गात. पण अंधेरीच्या कंपनीच्या मुलाखती तोवर संपल्या होत्या. मी फोन केला. तिकडच्या बाईंनी फार गोड आवाजात पुढच्या वर्षीच्या शुभेच्छा दिल्या. लिओनाला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात मालाच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम मिळालं. दुसरं काम मिळेपर्यंत वर्ष गेलं. आता ती प्रोग्रामच लिहिते, आणि चांगले लिहिते असं दत्तारामने मला सांगितलं. तिने मला सांगितलेलं नाही. ते वर्ष मी घालवलं, आणि ते परत देण्याची काही सोय नाही.

पत्राचं मात्र सांगायला हवं. समितीचा निर्णय झाल्यावर शहा सर म्हणाले होते, "कॉलेजतर्फे लिहू, तांत्रिक कारणामुळे निकाल राखून ठेवला होता." मी म्हटलं, तंत्राने काही केलेलं नाही, मी केलंय. आणि एक पत्र स्वतः टाइप केलं. मराठीत, कारण चूक कबूल करायची तर मला ती मराठीतच नीट जमते. अहवाल मी दिला होता, तो चुकीचा होता, विद्यार्थिनीने वही दाखवायची तयारी दाखवली होती आणि मी ती बघितली नाही, असं सगळं लिहिलं. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, "एवढं सगळं हवंच का, बाई?" मी हवं म्हटलं. त्यांनी सही केली, मी केली, शिक्का मारला. पुढच्या मुलाखतीला कुणी राखीव निकालाबद्दल विचारलं तर दाखवता यावं, हा हेतू. आणि खोटं कशाला बोलू, आपण किती मोठ्या मनाच्या, असंही मला त्या वेळी थोडंसं वाटलं होतं.

लिओना ते घ्यायला लॅबमध्ये आली. उभ्याउभ्याच वाचायला लागली. मी वाट बघत होते. तिचे डोळे भरून येतील, निदान 'थँक यू मॅडम' तरी म्हणेल. तिने शेवटपर्यंत वाचलं, परत वर गेली आणि पहिल्या ओळीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

"मॅडम, किणी नाय. किन्नी."

किणी आमच्या शेजारचे. हात आपोआप तिकडे गेला होता. तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि तिचं आडनाव मराठीत कसं लिहितात हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी पत्र फाडलं. खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला घेतलं. या वेळी आधी तिला वाचायला दिलं, मग सही केली.